पेवातला किडा तहानेने मरतो

गावात क्लासेसचं पेव फुटलं, असं आपण सहज म्हणतो. हे पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, हे मात्र आता सांगावं लागतं. पुरलेल्या रांजणासारखा त्याचा आकार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं. तळाला आणि कडेने कडबा, आत ज्वारी, तोंडावर दगड आणि सांध्यांना चिखल. पाझर नसलेली मुरमाड जागा मिळाली की ज्वारी वर्ष-दोन वर्षं टिके. पावडर नाही, गोळ्या नाहीत. मग तिला सोंडे कसे लागत नसत?

लागत की! धान्याबरोबर किडे आत जातच. पण वाळलेला दाणाही जिवंत असतो, अगदी मंद का होईना, श्वास घेत असतो. किडे आणि बुरशी तर त्याहून जास्त. बाहेरची हवा बंद, त्यामुळे आतला ऑक्सिजन ही सगळी मंडळी मिळून संपवतात. हवेत तो 21 टक्के असतो. चार-पाच टक्क्यांच्या खाली गेला की किडे खायचे थांबतात.

पुढे ते घुसमटून मरत असतील, असं वाटतं. चवळीतल्या भुंगेऱ्यांवरचं 2012 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन वेगळंच सांगतं: ते तहानेने मरतात. कोरड्या दाण्यात राहणाऱ्या किड्याला पाणी कुठून मिळणार? तो खाल्लेलं पिष्ट ऑक्सिजनने जाळतो आणि त्यातून पाणी बनतं. ऑक्सिजन संपला की ही विहीरही आटली.

बियाण्याला चुलीतली राख चोळणारी आजीही नकळत हेच करायची. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतात आणि त्याच्या अंगातली ओल उडून जाते. रस्ता निराळा, मरण तेच.

पेव माणसालाही सोडत नसे. उघडल्यावर ते तसंच राहू देत, मग दोरीने कंदील आत सोडत. ज्योत विझली तर कोणी उतरायचं नाही. शिवाय एकदा तोंड उघडलं की हवा शिरली, म्हणून धान्य सगळंच बाहेर काढावं लागे. वाक्प्रचारातला तो अचानक सुकाळ इथलाच असावा. अर्थात पेव ज्याच्या वाड्यात, सुकाळ त्याचा. बाकीचे त्याच्याकडून सवाईने, म्हणजे सव्वापट परत करायच्या बोलीवर, धान्य उचलत, हे विसरून जुन्या दिवसांचे गोडवे गाऊ नयेत.

ज्वारीची पेवं जवळपास गेली, पण सांगलीजवळ हरिपूरला पेवात हळद ठेवायची पद्धत टिकली. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. मात्र कृष्णा-वारणेचा संगम हरिपूरलाच. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि बरीचशी निकामी झाली. हवा बंद ठेवणाऱ्या पेवाला पाण्यापुढे इलाज नाही. कोरडी जमीन ही त्याची पहिली अट.

ती अट नको असेल तर आता तीन थरांच्या हवाबंद पिशव्या मिळतात: आत प्लॅस्टिकचे दोन थर, बाहेर नेहमीचं विणलेलं पोतं. पेवच, फक्त खांद्यावर नेता येणारं. घट्ट झाकणाचं पिंपही चालतं. पण धान्य आधी कडक वाळवलेलं हवं, दाताखाली कट्‌कन तुटणारं. ओल राहिली तर किडे मरतील, पण धान्य कुबट होईल. पिंप काठोकाठ भरायचं, कारण अर्ध्या पिंपातल्या हवेवर किडे बराच काळ तगतात. आणि रोजच्या भाकरीचं धान्य वेगळ्या डब्यात.