जकात गेली, दायित्व उरले

काम झाले, मोजमाप पुस्तकात नोंद झाली, बिलही मंजूर झाले. फक्त तिजोरीत पैसे नाहीत. अशा थकलेल्या बिलांच्या बेरजेला महापालिकेत ‘दायित्व’ म्हणतात. राज्यातील बऱ्याच महापालिकांत ते का साचते, हे समजायला जकातीपासून, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतल्या जाणाऱ्या करापासून, सुरुवात करावी लागते.

जकातीत खोटी बिले, नाक्यावरच्या रांगा, चिरीमिरी हे सगळे होते. पण पैसा रोज यायचा आणि तो पालिकेचा स्वतःचा असायचा. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली; त्यांच्या हाती सहायक अनुदान आले. महापालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. पुणे, नागपूर, ठाण्यात तो १ एप्रिल २०१३ ला लागू झाला. व्हॅटची (राज्याच्या विक्रीकराची) नोंदणी असताना आणखी एक नोंदणी कशाला, म्हणून व्यापारी रस्त्यावर उतरले. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना सूट मिळाली, म्हणजे जवळपास सगळेच सुटले.

मुंबईची जकात मात्र १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत टिकली. जीएसटीबरोबरच महापालिकांच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई राज्याने द्यायचा कायदा आला: २०१६-१७ हे आधारभूत वर्ष, त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ. मुंबईला पहिला धनादेश सुमारे ६४७ कोटींचा मिळाला. या दराने रक्कम ९ वर्षांत दुप्पट होते, तेव्हा सूत्र कंजूष नाही. पण रोजची रोकड गेली आणि महिन्याच्या हप्त्याकडे डोळे लावून बसणे आले. हप्ता लांबला की आधी पगार, निवृत्तिवेतन आणि पाणीपुरवठ्याचे वीजबिल भागवायचे. ठेकेदार शेवटी. निकड वाढली की ठेकेदारांना परत द्यायच्या अनामत रकमांनाच हात लागतो, आणि ती खरी धोक्याची खूण.

दुसरे दुखणे अंदाजपत्रकाचे. तरतुदीशिवाय काम मंजूर होत नाही, म्हणून जमेची बाजू फुगवली जाते. कामे निघतात, जमा येत नाही, दायित्व पुढच्या वर्षात सरकते. हक्काचा उरतो तो मालमत्ता कर. त्याची दरवाढ सभागृहाला नको असते. सवलतीची घोषणा मात्र राज्य करते, जशी मुंबईत २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी झाली.

पुण्याने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले: ७.५९ टक्के व्याज, १० वर्षांची मुदत. नुसते व्याजच वर्षाला सव्वापंधरा कोटींच्या घरात. ते फिटावे म्हणून मालमत्ता कराची वसुली आधी राखीव खात्यात वळवावी लागते. ज्या पालिकेची वसुलीच अर्धवट, तिला हे दार बंदच.