माथेरानची गाडी एवढी वळणं का घेते?

कोकण रेल्वेने एक पथ्य कसोशीने पाळलंय: दीडशे मीटरला एक मीटरपेक्षा जास्त चढ नको. त्यापायीच रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खणावा लागला. कर्जतच्या घाटात ३७ ला १ चढ आहे, पण तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. आणि शेजारच्या नेरळहून सुटणारी माथेरानची मिनी ट्रेन चढते २० ला १!

अडचण इंजिनाच्या ताकदीची नसते. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकतं ते जेमतेम करंगळीच्या नखाएवढ्या जागेत. रूळ कोरडा असला तरी ही पकड, हात राखून धरली तर, इंजिनाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी. २० ला १ चढावर गाडी स्वतःच्या वजनाच्या विसाव्या हिश्शाएवढ्या जोराने मागे ओढली जाते. म्हणजे इंजिन आणि डबे मिळून वजन इंजिनाच्या चौपटीवर गेलं, की चाक जागच्या जागी गरगरणार. १५० ला १ चढावर हीच मर्यादा इंजिनाच्या वजनाच्या तीसपट! माथेरानचे डबे चिमुकले आणि मोजके आहेत ते हौसेखातर नव्हे.

रूळ ओला झाला, वर पाला चिरडला गेला, की पकड निम्म्याहून खाली येते. अशा वेळी चाकापुढच्या नळीतून रुळावर कोरडी वाळू सोडतात. रेल्वेतला हा फार जुना उपाय, आणि अजून त्याला तोड नाही. पावसाळ्यात तर नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचं स्टेशन) गाडी बंदच ठेवतात. दरडींचं भय वेगळंच.

आता वळणं. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर, माथेरान ८०० च्या आसपास. एवढं चढायला २० ला १ ने किमान १५ किलोमीटर रूळ लागतो, आणि सरळ अंतर तर सातेक किलोमीटर! मग डोंगराला वेढे घालण्यावाचून गत्यंतर नाही. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०७ मध्ये पुरा केलेला हा मार्ग वीस किलोमीटरच्या घरात आहे, तोही दोन फुटी रुळांचा. एका आसावरची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. पण काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा ब्रॉडगेजवर अडीच मीटरहून अधिक जादा अंतर कापावं लागतं. दोन फुटी रुळांवर मीटरभराहून कमी. जेवढा फरक जास्त, तेवढं चाक घासत, किंचाळत जाणार. (तरी कान किटतातच.)

उतरताना ब्रेकही याच पकडीच्या भरवशावर. म्हणून पूर्वी डब्यांवर हाताने ब्रेक आवळणारी माणसं असत: एकट्या इंजिनाच्या नव्हे, डब्यांच्याही चाकांची पकड कामी यावी यासाठी.