पवनचक्की

पवनचक्की : वाऱ्याच्या गतिज ऊर्जेचे विजेत रूपांतर करणारे यंत्र. धान्य दळण्यासाठी आणि पाणी उपसण्यासाठी पवनचक्क्या अनेक शतके वापरात होत्या. या नोंदीत मात्र वीजनिर्मितीच्या पवनचक्कीचाच विचार केला आहे. आडव्या आसाभोवती फिरणारी तीन पाती, नळीसारखा उंच पोलादी मनोरा आणि त्याच्या माथ्यावर जनित्र सामावणारी पेटी ही रचना आज जवळजवळ सर्वत्र रूढ आहे.

वेगाचा घन : वाऱ्यातून वाहणारी शक्ती हवेची घनता, पात्यांनी व्यापलेल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि वाऱ्याच्या वेगाचा घन यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. या यंत्राची बहुतेक सारी अभियांत्रिकी या घनाभोवती फिरते. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मी. असेल, तर क्षेत्रफळ सु. ७,८५० चौ. मी. होते. ५ मी./से. वेगाच्या वाऱ्यात या वर्तुळातून सु. ०.६ मेगावॉट शक्ती जाते, १० मी./से. वेगाला ४.८ मेगावॉट आणि २५ मी./से. वेगाला तब्बल ७५ मेगावॉट. एवढ्या व्यासाच्या यंत्रातले जनित्र साधारण दोन-अडीच मेगावॉटचे असते. म्हणजे मंद वाऱ्यात कणकण गोळा करायचा आणि जोराच्या वाऱ्यात बहुतांश ऊर्जा अंगावर न घेता सोडून द्यायची, अशी दुहेरी कसरत यंत्राला करावी लागते.

यामुळेच केवळ सरासरी वेगावरून जागेचा अंदाज बांधणे फसवे ठरते. एका ठिकाणी वारा सतत ७ मी./से. वाहतो आणि दुसऱ्या ठिकाणी निम्मा वेळ ४ व निम्मा वेळ १० मी./से. वाहतो असे धरू. सरासरी दोन्हीकडे सारखीच, पण दुसऱ्या जागी वाऱ्यात उपलब्ध असलेली ऊर्जा सु. ५५ टक्के जास्त भरते. म्हणून जागा निवडताना वेगाची वर्षभराची वारंवारता, म्हणजे कोणता वेग किती वेळ टिकतो, हे मोजून घेतात.

मर्यादा : वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही, तशी ती काढली, तर पात्यांमागे हवा थबकेल आणि मागून येणाऱ्या हवेला वाटच उरणार नाही. जर्मन भौतिकीविज्ञ आल्बेर्ट बेट्स यांनी १९१९ मध्ये ही कमाल मर्यादा १६/२७, म्हणजे ५९.३ टक्के असल्याचे दाखवले. पात्यांमागे वाऱ्याचा वेग मूळ वेगाच्या एकतृतीयांश उरतो, तेव्हा ती गाठली जाते. आधुनिक यंत्रे अनुकूल वेगाला ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत पोचतात.

पाती : पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. वारा पात्याला नुसता ढकलत नाही. पात्याभोवतीच्या दाबातील फरकामुळे उत्थापक बल निर्माण होते आणि ते पाते फिरवते. त्यामुळे टोकाचा वेग वाऱ्याच्या सात-आठ पट असू शकतो. १०० मी. व्यासाचे चक्र मिनिटाला १५ फेरे घेताना दुरून संथ वाटते. त्या वेळी पात्याचे टोक ताशी सु. २८० किमी. वेगाने जात असते. त्या वेगाला साधा पावसाचा थेंबही पात्याची पुढची कड झिजवतो.

पाती काचतंतू आणि एपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझीन यांची असतात. आत बाल्सा लाकडाचा किंवा फोमचा गाभा असतो, फार लांब पात्यांत कार्बनतंतूही घालतात. खरा प्रश्न नुसत्या ताकदीचा नसून थकव्याचा, म्हणजे पुनःपुन्हा बदलणाऱ्या ताणाने साहित्य कमकुवत होण्याचा आहे. पाते खाली जाताना स्वतःच्या वजनाने एका कडेला ताण पडतो, वर येताना दुसऱ्या. वीस वर्षांत ही उलटापालट दहा कोटींहून अधिक वेळा होते.

नियंत्रण : वारा ३-४ मी./से. झाला की निर्मिती सुरू होते. ११ ते १३ मी./से.च्या सुमारास यंत्र पूर्ण क्षमतेला पोचते. त्यापुढे प्रत्येक पाते मुळाशी थोडे थोडे वळवून वाऱ्याची पकड सैल केली जाते. साधारण २५ मी./से.ला पात्यांची कड वाऱ्याकडे करून चक्र थांबवतात. वादळात जनित्र बंद ठेवणेच शहाणपणाचे. चक्राचे मिनिटाला १५ फेरे जनित्रासाठी सु. १,५०० पर्यंत वाढवण्याचे काम गिअरबॉक्स करतो. तो बिघडला की दुरुस्ती खर्चिक असते, कारण सुटा भाग शंभर मीटर उंचीवरून उतरवावा लागतो. त्यामुळे काही यंत्रांत गिअरबॉक्स वगळून मंदगती, मोठ्या व्यासाचे, कायम चुंबकांचे जनित्र वापरतात.

इतिहास : १८८७ मध्ये जेम्स ब्लाइथ यांनी स्कॉटलंडमध्ये आणि पुढच्याच वर्षी चार्ल्स ब्रश यांनी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे पवनचक्कीतून वीज मिळवली. ब्रश यांच्या चक्राला १४४ लाकडी पाती होती, वीज मात्र १२ किलोवॉट. डेन्मार्कमध्ये पॉल ला कूर यांनी थोडी आणि वेगाने फिरणारी पाती अधिक कार्यक्षम असल्याचे प्रयोगांनी दाखवले. १९४१ मध्ये अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात दोन पोलादी पात्यांचे १.२५ मेगावॉटचे यंत्र वीजजाळ्याला जोडले गेले. मार्च १९४५ मध्ये त्याचे एक पाते मुळाशी तुटले आणि प्रकल्प संपला. धाडस मोठे होते, पण थकव्याचे शास्त्र तेवढे पुढे गेलेले नव्हते. त्यामानाने योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये डेन्मार्कमधील गेडसर येथे उभारलेले तीन पात्यांचे, अवघे २०० किलोवॉटचे यंत्र दहा वर्षे सुरळीत चालले. पुढच्या डॅनिश यंत्रांनी कित्ता गिरवला तो याचाच. समुद्रातील पहिला पवनप्रकल्प डेन्मार्कमधील व्हिंडेबी येथे १९९१ मध्ये सुरू झाला. तरंगत्या पायांवरचा हायविंड स्कॉटलंड हा ३० मेगावॉटचा प्रकल्प २०१७ पासून चालू आहे.

मांडणी आणि विल्हेवाट : एका चक्रामागे वारा मंद व खळबळता होतो, म्हणून वाऱ्याच्या दिशेने दोन यंत्रांत व्यासाच्या पाच ते नऊ पट अंतर ठेवतात. आडव्या दिशेने तीन ते पाच पट पुरते. आयुष्य संपल्यावर मनोऱ्याचे पोलाद व जनित्रातले तांबे वितळवून पुन्हा वापरता येते. पात्यांतील एपॉक्सी एकदा कठीण झाले की वितळत नाही. त्यामुळे बरीच पाती कापून जमिनीत पुरली गेली, काही सिमेंटच्या भट्टीत इंधन आणि कच्चा माल म्हणून वापरली जातात. सौम्य आम्लाने तंतूंपासून सुटे होणारे रेझीन अलीकडे काही पात्यांत वापरात आले आहे.