संशोधनाआधीची परवानगी: एथिक्स कमिटी आली कुठून?

एथिक्स कमिटी म्हणजे माणसांवरच्या संशोधनाचा प्रस्ताव आधी तपासून परवानगी देणारी समिती. माणसांवरच्या प्रयोगांसाठी पूर्वी नियमच नव्हते, असा समज आहे. तो चुकीचा. जर्मनीत १९३१ सालीच प्रयोगाआधी संमती घेण्याबाबत सरकारी मार्गदर्शक तत्त्वे होती. ती पाळली जातात का, हे पाहणारे कोणी नव्हते. छळछावण्यांत कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहितेची १० कलमे निघाली. पहिलेच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे, पण ती नीट घेतली की नाही याची जबाबदारी पुन्हा प्रयोग करणाऱ्यावरच! स्वतंत्र समितीची अट जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यातही नव्हती. ती १९७५ मध्ये टोकियोतल्या दुरुस्तीत आली.

तोवर अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगीचे प्रकरण उघड झाले होते. १९३२ पासून सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर तिथे अभ्यास चालला होता. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले गेले नाही. १९६९ मध्ये तज्ज्ञांनी या अभ्यासाचा आढावा घेतला आणि तो चालूच ठेवला. म्हणजे तपासणी झाली, पण ती अभ्यास चालवणाऱ्या संस्थेनेच बोलावलेल्या माणसांकडून. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर अभ्यास थांबला. १९७४ मध्ये अशा संशोधनाबाबत कायदा झाला, १९७९ मध्ये संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणारा बेलमाँट अहवाल आला. तिथल्या नियमांनुसार समितीत किमान ५ सदस्य लागतात. एक विज्ञानाबाहेरचा, एक संस्थेशी संबंध नसलेला. स्वतःच्या प्रस्तावावर सदस्याला मत देता येत नाही.

या नियमांचा साचा मुळात वैद्यकाचा. निनावी प्रश्नावलीला औषधचाचणीचे नियम कशाला, ही समाजशास्त्रज्ञांची तक्रार रास्तच आहे. म्हणून जोखीम पाहून तीन वाटा केल्या गेल्या: सूट, एखाद-दुसऱ्या सदस्याकडून जलद तपासणी, नाहीतर पूर्ण बैठक.

मंजुरी मिळाली म्हणजे सगळे सुरक्षित झाले, असेही नाही. १९७१ च्या स्टॅनफर्ड तुरुंग-प्रयोगाला, ज्यात विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवले होते, विद्यापीठाच्या समितीची मान्यता होती. दोन आठवड्यांचा तो प्रयोग सहाव्या दिवशी गुंडाळावा लागला. मंजुरीनंतरही प्रश्नावली, नमुना किंवा संमतीपत्र बदलायचे असेल तर आधी दुरुस्ती-अर्ज करावा लागतो. प्रस्ताव परत येतात ते बहुधा क्लिष्ट संमतीपत्रामुळे, माहिती कुठे व किती काळ ठेवणार हे न लिहिल्यामुळे, किंवा संशोधन करणारे शिक्षक आपल्याच वर्गातले विद्यार्थी सहभागी करतात म्हणून; गुण हातात असलेल्या शिक्षकाला नाही म्हणणे अवघड असते. माहिती गोळा करून झाल्यावर अर्ज केला तर सहसा मंजुरी मिळत नाही, कारण जी संमती तपासायची ती आधीच घेऊन झालेली असते.