कार्डिफ : कोळसा गेला त्या वाटेने माणसे आली

कार्डिफ ही वेल्सची राजधानी आहे, परंतु हे पद तिला १९५५ मध्ये मिळाले आणि अधिकृत शहराचा दर्जाही १९०५ पर्यंत नव्हता. टॅफ नदीच्या मुखाजवळ रोमनांनी किल्ला बांधला आणि पुढे नॉर्मनांनी त्याच जागी आपली गढी उभारली, तरी १८०१ च्या शिरगणतीत या गावात दोन हजार माणसेही भरली नाहीत. १९११ मध्ये हीच संख्या एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे गेली होती. एवढी वाढ कशाने झाली, याचे उत्तर कोळसा असे एका शब्दात देता येते. मात्र ते उत्तर गोदीपाशीच थांबवले तर शहराचा अर्धा इतिहास बाहेर राहतो, कारण कोळसा ज्या समुद्रमार्गांनी बाहेर गेला त्याच मार्गांनी कार्डिफमध्ये माणसेही आली.

कार्डिफच्या उत्तरेकडील मर्थर टिडफिल येथील कारखान्यांचे लोखंड समुद्राला पोहोचवण्यासाठी १७९४ मध्ये कालवा झाला, पण दऱ्यांमधून कोळसा निघू लागल्यावर तो अपुरा पडला. ब्रिस्टल खाडीतील भरती-ओहोटीचा फरक जगातील सर्वांत मोठ्या फरकांपैकी आहे. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडे आणि मोठी जहाजे आत येऊ शकत नसत. म्हणून परिसरातील बहुतेक जमिनीचे मालक असलेल्या दुसऱ्या मार्क्विस ऑफ ब्यूट यांनी स्वतःच्या पैशाने दरवाजे असलेली बंदिस्त गोदी बांधली आणि तिच्यातील पाणी टिकावे, गाळ साचू नये यासाठी टॅफ नदीतून एक पाट काढला. ही गोदी ऑक्टोबर १८३९ मध्ये सुरू झाली. दोनच वर्षांत अभियंते ब्रुनेल यांच्या देखरेखीखाली टॅफ व्हेल रेल्वे मर्थरपर्यंत पूर्ण झाली.

गोदी सुरू झाली त्याच वर्षाच्या, म्हणजे १८३९ च्या जानेवारीत मुंबई सरकारने पाठवलेल्या जहाजांनी अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील एडन बंदर घेतले होते. मुंबईहून सुवेझकडे टपाल नेणाऱ्या आगबोटींना वाटेत कोळसा भरण्यासाठी ठाणे हवे होते, हे त्यामागचे एक मोठे कारण. एडनचा कारभार १९३२ पर्यंत मुंबईहून चालला. या दोन घटना एकमेकींपासून हजारो मैलांवर घडल्या, पण पुढील शंभर वर्षे त्या एकाच साखळीत राहिल्या, असे मला वाटते. दक्षिण वेल्सचा, वाफेच्या इंजिनांत वापरला जाणारा कोळसा कमी धूर करी आणि उष्णता भरपूर देई, म्हणून ब्रिटिश आरमाराची त्याला पसंती होती आणि जगभरच्या कोळसाठाण्यांवर त्याचे ढीग लागत. एडन हे अशांपैकीच एक ठाणे.

गोदीत हा कोळसा कसा भरला जाई, ते पाहण्यासारखे आहे. दऱ्यांतून आलेली भरलेली वाघीण रुळांवरून थेट उचलयंत्रावर जाई, पाण्याच्या दाबाने वर चढे आणि एका बाजूने कलंडून सगळा कोळसा घसरणीवरून जहाजाच्या पोटात रिकामा करी. तो एकाच ठिकाणी साचला तर जहाज कलण्याची भीती, म्हणून ट्रिमर म्हटले जाणारे कामगार काळोखात, उडत्या भुकटीत फावड्याने तो कडेकोपऱ्यापर्यंत पसरत. १९१३ मध्ये कार्डिफमधून एक कोटी टनांहून अधिक कोळसा बाहेर गेला. शेजारच्या बॅरी बंदरातून त्याहूनही थोडा अधिक गेला. ब्यूट घराण्याच्या गोदीला कंटाळलेल्या खाणमालकांनी ते बंदर १८८९ मध्ये सुरू केले होते. कार्डिफच्या माउंट स्टुअर्ट चौकातील कोल एक्स्चेंजमध्ये कोळशाचे सौदे होत.

समुद्रावर हा कोळसा भट्टीत टाकायलाही माणसे लागत. आपल्याकडील खलाशी ज्यांना आगवाले म्हणत ते हे लोक. चार तास भट्टीसमोर, आठ तास विश्रांती, पुन्हा चार तास. एडनच्या धक्क्यावर येमेनी आणि सोमाली तरुण या कामावर घेतले जात आणि त्यांतील पुष्कळजण जिथून कोळसा निघे त्या कार्डिफमध्ये उतरत. पश्चिमेला कालवा, पूर्वेला रेल्वेचा भराव आणि दक्षिणेला समुद्र यांच्या मध्ये सापडलेल्या ब्यूटटाउनमध्ये त्यांची वस्ती झाली. बाहेरचे जग तिला टायगर बे म्हणून ओळखे. एका जहाजावरून सुटलेला खलाशी दुसरे जहाज मिळेपर्यंत आपल्याच मुलखातील माणसाने चालवलेल्या खानावळीत उधारीवर राही. वेस्ट इंडीज, पश्चिम आफ्रिका, माल्टा, नॉर्वे, भारत अशा कितीतरी ठिकाणचे लोक तिथे होते. अनेकांनी वेल्श आणि इंग्रज मुलींशी लग्ने केली. पील स्ट्रीटवरील मशीद १९४१ च्या बाँबहल्ल्यात पडली, ती लोकांनी पुन्हा उभी केली. गायिका शर्ली बॅसी यांचा जन्म १९३७ मध्ये याच वस्तीतला. त्यांचे वडील नायजेरियन होते.

वस्तीला या शहराने नेहमी आपले मानले असे नाही. जून १९१९ मध्ये, युद्धावरून परतलेल्या सैनिकांची नोकऱ्यांसाठी ओढाताण चालू असताना, जमावांनी कृष्णवर्णीयांच्या घरांवर हल्ले केले. त्या दंगलीत तिघांचा बळी गेला. १९२५ च्या सरकारी आदेशाने, नागरिकत्वाची कागदपत्रे दाखवू न शकणाऱ्या गैरगोऱ्या खलाशांना परकीय म्हणून नोंद करणे भाग पडले. कार्डिफच्या पोलिसांनी तर ब्रिटिश प्रजाजन असल्याचे पुरावे असलेल्यांचीही तशी नोंद केली. भट्टीसमोर उभे असताना ज्यांचे नागरिकत्व कोणी विचारले नव्हते, त्यांच्याकडे ते धक्क्यावर मागितले गेले. महमूद मत्तान या सोमाली खलाशाला एका दुकानदार स्त्रीच्या खुनाबद्दल सप्टेंबर १९५२ मध्ये कार्डिफच्या तुरुंगात फाशी दिली गेली. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरवली आणि पोलिसांनी माफी मागितली ती २०२२ मध्ये. मधल्या शेहेचाळीस वर्षांत त्यांच्या पत्नीने आणि तीन मुलांनी काय सोसले असेल, हे अपिलाच्या निकालात मावणारे नाही.

जहाजे तेलावर चालू लागल्यावर कोळशाचा व्यापार आटत गेला आणि १९६४ मध्ये कार्डिफमधून शेवटचा कोळसा निर्यात झाला. त्याच दशकात ब्यूटटाउनची जुनी घरे पाडून लाउडन चौकात उंच इमारती बांधल्या गेल्या. १९७८ मध्ये ईस्ट मूर्सचा पोलाद कारखानाही बंद पडला. पुढे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या विकास महामंडळाने कार्डिफच्या छोट्या खाडीच्या तोंडावर अकराशे मीटर लांबीचा बांध घातला. १९९९ मध्ये तो पूर्ण झाल्यावर दिवसातून दोनदा उघडा पडणारा चिखल गोड्या पाण्याखाली कायमचा बुडाला आणि तिथे टिपायला येणारे समुद्रपक्षीही गेले. किनाऱ्यावर २००४ मध्ये नाट्यगृह आणि २००६ मध्ये वेल्सच्या विधिमंडळाची इमारत उभी राहिली. त्यांच्यापासून चालत काही मिनिटांवर असलेल्या ब्यूटटाउनला या भरभराटीतला वाटा फार थोडा मिळाला, असे माझे मत आहे.

१८३९ ची गोदी आता बुजलेली आहे. तिच्या तोंडाशी असलेल्या खोलगट जागेचा सार्वजनिक चौक झाला असून उन्हाळ्यात तिथे मुले खेळतात. गोदीला पाणी पुरवणारा पाट मात्र रस्त्याखाली झाकलेल्या अवस्थेत वाहतच होता, आणि २०२३ मध्ये चर्चिल वे या रस्त्यावरील त्याचा एक भाग पुन्हा उघडा करण्यात आला.