‘स्पेक्ट्रम’ आवडणाऱ्यांचं आपापसात का पटत नाही

ड्रमर बिली कॉबमच्या ‘स्पेक्ट्रम’ या अल्बमवर बोलायला चार रसिक बसले की वाद ठरलेला. एकाच्या मते ही रॉकची तबकडी आहे, जॅझच्या कपाटात चुकून गेलेली. दुसरा म्हणतो, अल्बम नावापुरता ड्रमरचा, खरा गिटारवाल्या टॉमी बोलिनचा. तिसऱ्याला ब्रासचे, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे, दोन ट्रॅक भरताड वाटतात आणि चौथ्याला नेमके तेच हवे असतात. ड्रमचे छोटे एकल तुकडे ऐकताना कुणी कान टवकारतं, तर कुणी थेट पुढच्या ट्रॅकवर जातं. बरं, यातल्या कुणालाही अल्बम नावडता नाही! पन्नास वर्षं चाललेल्या या वादाचं मूळ पाहायचं तर १९७३ सालच्या न्यूयॉर्कमध्ये जावं लागतं.

कॉबम जन्माने पनामाचा. जन्म १६ मे १९४४, पण वाढला न्यूयॉर्कमध्ये. लष्करी बँडमध्ये वाजवून बाहेर पडल्यावर त्याने जॅझ पियानोवादक होरेस सिल्व्हरकडे साथ केली, मग ‘ड्रीम्स’ या जॅझ-रॉक गटात गेला. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या, मुष्टियोद्धा जॅक जॉन्सनवरच्या अल्बममध्येही ड्रम त्याचेच. १९७१ मध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनने ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला आणि कॉबमचं नाव जगभर झालं. गुरू श्री चिन्मय यांनी मॅक्लॉफ्लिनला दिलेलं नाव या गटाने घेतलं. नाव वाचून आपल्याकडे कुणी टाळ-मृदंगाची अपेक्षा धरली तर पहिल्याच मिनिटाला त्याची झोप उडेल. कर्णा फाटेल असा आवाज, वाऱ्याचा वेग आणि मात्रांचे अवघड हिशेब. त्यांच्या ‘बर्ड्स ऑफ फायर’ या अल्बमचं शीर्षकगीत तर अठरा मात्रांचं आहे.

ड्रमरने पुढाकार घेऊन जॅझ आणि रॉक एकत्र आणण्याची ही पहिली वेळ मात्र नव्हती. ड्रमर टोनी विल्यम्सने १९६९ मध्येच ‘लाइफटाइम’ गट काढून ‘इमर्जन्सी!’ हा अल्बम केला होता आणि त्यातही गिटारवर मॅक्लॉफ्लिनच होता. पण त्याचं ध्वनिमुद्रण इतकं फाटकं आहे की आजही ते सोसून ऐकावं लागतं. ‘स्पेक्ट्रम’चं नशीब इथे बदललं. त्याचा ध्वनिमुद्रक होता केन स्कॉट. बीटल्सपासून डेव्हिड बोवीपर्यंत सगळ्यांबरोबर काम केलेला आणि ‘महाविष्णू’चा आवाज आधीच ओळखणारा माणूस. त्यामुळे कॉबमच्या बास ड्रमचा ठोका पोटात लागतो आणि स्नेअर या छोट्या ड्रमवरचे अगदी हलके फटकेसुद्धा सुटे सुटे ऐकू येतात. आज कुणीही या अल्बमचं कौतुक करताना ड्रमच्या आवाजाबद्दल बोलतो, त्यातला मोठा वाटा स्कॉटचा आहे.

१९७३ च्या मध्यावर ‘महाविष्णू’त धुसफूस सुरू झाली होती. अल्बमवर रचनाकार म्हणून नाव येई ते मॅक्लॉफ्लिनचं, आणि बाकीच्यांनाही आपल्या रचना हव्या होत्या. जूनमध्ये लंडनला ट्रायडेंट स्टुडिओत मुद्रित झालेला त्यांचा अल्बम तेव्हा बाहेर आलाच नाही, तो थेट १९९९ मध्ये आला. वर्ष संपता संपता तो मूळ संच मोडला. ‘स्पेक्ट्रम’चं मुद्रण या सगळ्याच्या जरा आधीचं, म्हणजे कॉबम अजून त्या गटात असतानाचं आहे. १४ ते १६ मे, असे तीन दिवस. जागा ग्रिनिच व्हिलेजमधला इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ, जो रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने स्वतःसाठी बांधून घेतला आणि तो उघडल्यावर महिन्याभरातच हेंड्रिक्स वारला. तिसऱ्या दिवशी कॉबमला एकोणतीस वर्षं पूर्ण झाली. पाश्चात्त्य हिशेबाने त्याची रास टॉरस, म्हणजे वृषभ; अल्बममधल्या एका ट्रॅकचं नाव ‘टॉरियन मॅटाडोर’ का, हे मग वेगळं सांगायला नको. सगळ्या रचना त्याच्या, निर्मातासुद्धा तोच.

त्या तीन दिवसांत त्याने दोन वेगळे संच बोलावले, आणि माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथेच आहे. पहिला संच चौघांचा. कीबोर्ड आणि मूग सिंथेसायझरवर ‘महाविष्णू’तलाच यान हॅमर. बासवर ली स्क्लार, जो जेम्स टेलरसारख्या गायकाच्या साथीला वाजवणारा, जॅझच्या वाटेला फारसा न गेलेला. गिटारवर बोलिन, वय २१, कोलोरॅडोच्या रॉक बँडमधून आलेला. ‘क्वाड्रंट ४’, ‘टॉरियन मॅटाडोर’, ‘स्ट्रॅटस’ आणि ‘रेड बॅरन’ हे चार ट्रॅक या चौघांचे. दुसऱ्या संचात हॅमर कायम, पण भोवतीची माणसं अस्सल जॅझची: सॅक्सोफोन आणि बासरीवर जो फॅरेल, ट्रम्पेटवर जिमी ओवेन्स, अकूस्टिक बासवर रॉन कार्टर आणि काँगा या हाताने वाजवायच्या ड्रमवर रे बॅरेटो. ‘स्पेक्ट्रम’ हा शीर्षकाचा ट्रॅक आणि ‘ल लीस’ त्यांचे. रॉकवाला पहिल्या संचाचा अल्बम ऐकतो आणि जॅझवाला दुसऱ्याचा. तबकडी एकच असल्यामुळे दोघांना वाटतं, आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय.

‘स्ट्रॅटस’वर थोडं थांबायलाच हवं, कारण सर्वांत जास्त मतं त्याच्यावरच पडतात. जवळजवळ दहा मिनिटांचा हा ट्रॅक. पहिली तीनेक मिनिटं सिंथेसायझरचे घुमणारे, गुरगुरणारे आवाज आणि त्यावर कॉबमची मोकाट बरसात. अनेकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, आणि त्यांना फार दोष देता येत नाही. मग स्क्लारचा बास येतो. एक छोटी सुरावट घेतो आणि शेवटपर्यंत ती सोडत नाही. एकल तबलावादनात हार्मोनियमवर लेहरा धरलेला असतो, अगदी तसं. लेहरा पक्का असला की तबलजी कुठेही भटकून समेवर येऊ शकतो. इथेही बोलिन पेटतो, हॅमर त्याला उत्तर देतो, कॉबम दोघांखालची जमीन हलवतो, आणि स्क्लार मात्र ढिम्म. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं लक्ष गिटारकडे जातं, दहाव्यांदा ऐकणाऱ्याचं स्क्लारकडे.

कॉबमचा हात कसा चालतो हेही जाता जाता पाहण्यासारखं आहे. बहुतेक ड्रमर उजव्या हाताने डावीकडचा हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) वाजवतात, म्हणजे हात एकमेकांवरून जातात. कॉबम हाय-हॅट डाव्या हाताने वाजवतो. हातांची कात्री होत नाही आणि उजवा हात सगळ्या ड्रमवर फिरायला मोकळा राहतो. त्याच्या लांबलचक रोलमध्ये कुठे सांधा दिसत नाही, त्याला ही बैठकही कारण असावी.

१९७३ च्या ऑक्टोबरात अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने अल्बम बाजारात आणला. बिलबोर्ड मासिकाच्या विक्रीच्या जॅझ यादीत तो पहिला आला, आणि सर्वसाधारण यादीत २६ वा. शब्दच नसलेल्या, त्यातून ड्रमरच्या पहिल्यावहिल्या अल्बमला एवढं मिळणं ही मोठीच मजल. जॅझमधल्या सोवळ्या मंडळींनी नाकं मुरडली, कारण ‘फ्यूजन’, म्हणजे जॅझ-रॉकची ही सरमिसळ, धंद्यासाठी केलेली तडजोड आहे हे मत तेव्हा जोरात होतं. रॉकच्या बाजूने मात्र दाद आली ती कलाकारांकडूनच. ब्रिटिश रॉक गिटारवादक जेफ बेकच्या वादनाला यानंतर वेगळं वळण लागलं, पुढे यान हॅमर त्याच्याबरोबर वाजवू लागला, आणि २००७ मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमध्येही बेक ‘स्ट्रॅटस’ वाजवत होता. ‘डीप पर्पल’ या रॉक बँडने १९७५ मध्ये बोलिनला घेतलं, तेही ‘स्पेक्ट्रम’ ऐकून. पुढच्याच वर्षी, पंचविशीत, तो गेला. ‘हा बोलिनचा अल्बम’ या मतात त्या अकाली जाण्याची हळहळही मिसळलेली आहे.

१९९१ मध्ये ब्रिस्टलच्या ‘मॅसिव्ह अटॅक’ या गटाने ‘सेफ फ्रॉम हार्म’ या गाण्यासाठी ‘स्ट्रॅटस’चा बास आणि ठेका उचलला, तेव्हा नवा श्रोतृवर्ग तयार झाला. कॉबमचं नावही न ऐकलेली मुलं उलट्या दिशेने मूळ ट्रॅकपर्यंत पोचली. त्यांना सुरुवातीची ती तीन मिनिटं हमखास नको असतात.

आता भरताड म्हणून हिणवल्या जाणाऱ्या ब्रासच्या ट्रॅकबद्दल. ‘महाविष्णू’ मोडल्यावर कॉबमने स्वतःचा गट बांधला तो बोलिन-स्क्लारच्या धर्तीवर नव्हे. १९७४ च्या ‘क्रॉसविंड्स’ आणि ‘टोटल इक्लिप्स’मध्ये त्याने ब्रेकर बंधूंना घेतलं, म्हणजे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, आणि गिटारवर जॉन अ‍ॅबरक्रॉम्बी. ज्याला पुढे जायचं होतं त्याने ‘ल लीस’ची वाट धरली; श्रोते ‘स्ट्रॅटस’पाशी थांबले. या दोन अल्बमांपैकी एक तरी ऐकून मग ‘स्पेक्ट्रम’मधले ते दोन ब्रासचे ट्रॅक पुन्हा लावून पाहावेत.