ठाऊक असलेल्या क्षणाची ओढ

अमेरिकी गायिका व्हिटनी ह्यूस्टन यांचं १९९२चं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ शेवटाकडे येतं, तेव्हा वाद्यं एकदम थांबतात. क्षणभर शांतता, मग ड्रमचा एकच दणका, आणि धृपद एक अख्खा स्वर वरून उसळतं. हार्मोनियमच्या भाषेत, पांढरी सहाची पट्टी पांढरी सात होते. गाणं पाठ असलेल्यांच्याही अंगावर नेमका इथेच काटा येतो. पुढे काय येणार हे पक्कं माहीत असताना असं का व्हावं?

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात वॅलरी सलिमपूर, रॉबर्ट झटोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना त्यांच्याच आवडीचं, रोमांच आणणारं संगीत ऐकवून मेंदूचे स्कॅन काढले. ऐन उत्कट क्षणी आनंदाशी निगडित भागात डोपामिन हे मेंदूतलं रसायन स्रवलं, हे अपेक्षितच होतं. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात मला सर्वांत सुंदर वाटते ती दुसरी गोष्ट: तो क्षण जवळ येत असतानाच कॉडेट नावाचा वेगळा भाग कामाला लागलेला होता. म्हणजे ड्रमच्या आधीची ती शांतता मेंदूसाठी रिकामी नसतेच. आणि आतुरतेने वाट पाहायची तर काय येणार ते ठाऊक हवं. म्हणून असं गाणं ऐकून ऐकून शिळं होण्याऐवजी मुरत जातं.

तरी धक्का उरतोच, तो कसा? संगीत आणि मेंदूचे अभ्यासक जमशेद भरूचा यांनी अपेक्षांचे दोन प्रकार वेगळे केले. एक अपेक्षा त्या विशिष्ट गाण्याच्या आठवणीतून येते. दुसरी जन्मभर कानांवर पडलेल्या संगीतातून आपसूक घडते आणि आठवणीला जुमानत नाही. चाल आहे त्याच पट्टीत पुढे जाणार, असं ती दर वेळी धरून चालते, आणि दर वेळी फसते. संथ लयीमुळे या अपेक्षेला रुजायला पुरेसा अवधीही मिळतो.

शब्दांचाही वाटा आहेच. मूळ गाणं गायिका डॉली पार्टन यांनी लिहिलं ते प्रियकरासाठी नव्हे, तर पोर्टर वॅगनर या सहगायकाचा कार्यक्रम सोडताना. ओळींत कुणाचंच नाव नाही. ऐकणारा आपलं माणूस तिथे बसवतो. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे अधिक ठळक राहतात, त्यामुळे त्या वयात भेटलेलं गाणं विशेष घट्ट चिकटतं. मात्र १९९२ नंतर जन्मलेल्यांनाही त्या दणक्याला शहारा येतो; तिथे आठवणीपेक्षा सुरांची रचनाच जास्त काम करत असावी, असं मला वाटतं.